बसता येत नाही: मूळव्याध की गळू?

आपल्या खान्देशात बैठकीच्या जागेचं काहीही दुखलं तरी नाव एकच, मूळव्याध. रक्त पडलं तरी मूळव्याध, खाज सुटली तरी मूळव्याध, गाठ आली तरी मूळव्याध. नाव चुकलं की औषध चुकतं. या जागेच्या एका दुखण्यात असे वाया गेलेले चार दिवस फार महागात पडतात. ते म्हणजे गुदद्वाराजवळचं गळू.

चोपड्याकडचा एक ड्रायव्हर, केळीचा ट्रक घेऊन दिल्लीकडे जाणारा. तपासायला आला तेव्हा स्टुलाच्या अगदी कडेला, एकाच कुल्ल्यावर भार देऊन बसला. सोबत आई. "भाऊ, मूळव्याध शे," असं म्हणत तिने पिशवीतून अर्धी पिळलेली मलमाची ट्यूब काढली. मी त्याला विचारलं, रक्त पडतं का? नाही. दुखतं कधी? "दिनरात ठणकी ऱ्हायनं." हात लावला तर अंगात ताप. निदान तिथेच निम्मं झालं होतं.

आता हे दोन आजार आतून वेगळे कसे, ते पाहू. गुदमार्गात रक्तवाहिन्यांच्या मऊ उशा सगळ्यांनाच असतात. वर्षानुवर्षं कुंथून, बद्धकोष्ठाने, किंवा गरोदरपणात त्या फुगतात आणि खाली घसरतात. हीच मूळव्याध. गुदमार्गात एक नागमोडी रेषा असते. तिच्या वरच्या भागाला कातडीसारखी वेदना कळत नाही, म्हणून आतली मूळव्याध सहसा दुखत नाही. शौचाच्या वेळी लालभडक रक्ताचे थेंब पडतात आणि कोंब बाहेर येतो. तो आपोआप आत जातो किंवा हाताने ढकलावा लागतो.

गळूची सुरुवातही बहुतेक वेळा त्याच रेषेवर होते, पण रक्तवाहिनीतून नव्हे. तिथे बारीक ग्रंथींची तोंडं उघडतात. एखादं तोंड बुजलं की आत जंतू वाढतात आणि पू साचतो. तो दोन वर्तुळाकार स्नायूंच्या मधल्या फटीतून वाट काढत कातडीपर्यंत येतो. मग तिथे लाल, गरम, ताणलेली सूज दिसते. शौचाला जा अथवा जाऊ नका, ती ठणकतेच. खोकलं तरी कळ जाते. पू खोलवर असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, नुसती वेदना आणि ताप. अशा रोग्याला "काही नाही, मूळव्याध असेल" म्हणून परत पाठवणं मला सगळ्यात जास्त खुपतं.

गोंधळ करणारी आणखी एक गाठ आहे. बाहेरच्या मूळव्याधीत रक्ताची गुठळी झाली की एकदम निळसर, टणक, वाटाण्याएवढी गाठ येते आणि माणूस कळवळतो. पण तिची वेदना पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असते आणि मग उतरते, तापही नसतो. गळूचं उलट, आज कालपेक्षा जास्त आणि उद्या आजपेक्षा जास्त. म्हणून दुखणं चढतंय की उतरतंय, हे मी आधी विचारतो. शौचाच्या वेळी काच कापल्यासारखं होऊन नंतर तास-दोन तास आग होत असेल, तर बहुधा ती चीर असते. ते प्रकरण वेगळं.

दोन्हींचा दोष आपण उष्णतेला, ठेच्याला, भरताच्या वांग्यांना देतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पाणी कमी पडून मल कडक होतो आणि मूळव्याध बळावते, एवढं खरं. पण ठेच्याने पू होत नाही.

मूळव्याधीला बहुतेकदा चिरफाड लागत नाही. इसबगोल, भरपूर पाणी, पालेभाज्या, संडासात फार वेळ न बसणं, आणि गरज पडली तर रबर बँड बांधणं, एवढ्यावर भागतं. चाळिशीनंतर नव्याने रक्त पडू लागलं, तर मात्र मूळव्याध गृहीत धरू नये, आतून तपासून घ्यावं.

गळूला चिराच हवा. पुवाच्या पोकळीत रक्तपुरवठा नसतो, म्हणून गोळ्या तिथे पुरेशा पोचत नाहीत. ठणका थोडा मंदावतो आणि पू आत पसरत राहतो. "पिकू द्या, मग फोडू" म्हणत पोटीस बांधत बसणंही तसंच. चिरा शक्यतो गुदद्वाराच्या जवळ देतात, म्हणजे पुढे भगंदर, म्हणजे आतून बाहेरच्या कातडीपर्यंत बोगदा, झालंच तर त्याची वाट आखूड राहते. जखम शिवत नाहीत, ती तळापासून भरून यावी लागते. रोज कोमट पाण्याच्या टबात बसायचं आणि जागा स्वच्छ ठेवायची. अँटिबायोटिक लागतात ते मधुमेह असला, प्रतिकारशक्ती कमी असली किंवा लाली आजूबाजूला पसरत असली तर. साखर तपासाच. मधुमेह आहे हे कित्येकांना अशा गळूमुळेच पहिल्यांदा कळतं. कातडी काळी पडू लागली, अंडकोषाकडे सूज गेली, ग्लानी आली, तर रात्र उजाडायची वाट पाहू नका. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, तिथे गाठा. बायका हे दुखणं सांगतच नाहीत आणि ताप चढल्यावर घरात कळतं. सासू-नणंदांनी तरी विचारावं.

भगंदराचं नाव वर आलं. सुश्रुताने हा धागा फार पूर्वी पकडला: पिकण्याआधी ती पिडका म्हणजे पुळी, पिकून फुटली की भगंदर. गळू झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश ते निम्म्या लोकांना पुढे भगंदर होतं, कारण आतल्या ग्रंथीचं तोंड आणि बाहेरची जखम यांच्यामध्ये बोगदा उरतो. एकाच जागी पुळी येते, फुटते, बुजते, पुन्हा येते. यात चिरा देणाऱ्याचा दोष असेलच असं नाही. त्यावर शस्त्रक्रिया आहे, क्षारसूत्र म्हणजे बोगद्यातून ओवायचा औषधी दोरा आहे. ते कोणाला योग्य, हे बोगदा स्नायूतून कसा जातो त्यावर ठरतं.

ड्रायव्हरला त्याच संध्याकाळी भूल देऊन चिरा दिला. वाटीभर पू निघाला. सकाळी राउंडला गेलो तर पोरगा गाढ झोपलेला आणि आई पदराने त्याला वारा घालत बसलेली. दोन महिन्यांनी तो एकटाच आला, नीट खुर्चीत बसला. "भाऊ, त्याच जागावर थोडं पाणी ई ऱ्हायनं." या वेळी मलम लावलं नव्हतं, मूळव्याधही म्हणाला नाही. मी एमआरआयची चिठ्ठी लिहायला घेतली.