घरगुती गोठवण आणि डब्यावरची चिठ्ठी (ठाणे व नवी मुंबई)

घरगुती गोठवण म्हणजे कच्चे किंवा शिजवलेले अन्न पुढे वापरण्यासाठी घरच्या फ्रीझरमध्ये ठेवणे. ठाणे आणि नवी मुंबईतल्या मराठी घरांत खवलेला नारळ, वाटण, सोललेले मटार, डाळिंब्या, आमरस, पुरण आणि साफ केलेली मासळी हे तिचे नेहमीचे पदार्थ. डब्यावर पदार्थाचे नाव आणि तारीख लिहिण्याची सवय मात्र गोठवणीइतकी रुजलेली नाही. अन्न वाया जाऊ नये हा हेतू असेल, तर फ्रीझरपेक्षा ही चिठ्ठीच अधिक कामाची. आत काय आहे हे कुणाला आठवले नाही, तर फ्रीझर फक्त फेकण्याचा दिवस पुढे ढकलतो.

बेगमीपासून फ्रीझरपर्यंत

साठवण या भागाला नवी नाही. उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे, आमसुले आणि वर्षाचा मसाला होई. खाडीकाठच्या कोळी-आगरी घरांत सुके बोंबील, सोडे, जवळा आणि सुका बांगडा. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा हीच सुकी मासळी कालवणाला येते. ऊन आणि मीठ अन्नातले पाणी काढून घेतात, गोठवण तेच पाणी बर्फात अडकवून ठेवते. जलद गोठवणीचा व्यापारी मार्ग क्लॅरेन्स बर्डझाय या अमेरिकन उद्योजकाने १९२० च्या दशकात घालून दिला. कॅनडातल्या लॅब्राडॉर प्रदेशाच्या कडाक्याच्या थंडीत पकडल्याबरोबर गोठणारी मासळी त्याने पाहिली होती. घरचा फ्रीझर तितका जलद नसतो. घरच्या गोठवणीबद्दलच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ तिथेच आहे.

बेगमीला चिठ्ठी लागत नसे. ती वर्षातून एकदा, ठरल्या हंगामात, घरातल्या सगळ्यांच्या हातांखालून जाई. बरणीत काय आहे आणि कधीचे आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. फ्रीझर मात्र कुठल्याही मंगळवारी रात्री दहा वाजता, घरातला कुणीही भरतो.

हंगाम आणि बाजार

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीचा घाऊक बाजार जवळ असल्याने इथे एकदम खरेदीचा मोह मोठा. थंडीत मटार उतरला की सोसायटीतली चार घरे मिळून गोणी आणतात. ठाण्यात हीच खरेदी जांभळी नाक्याच्या मंडईत होते. शेंगा सोलल्यावर वजन निम्म्यावर येते, तेव्हा पाच किलोंचा उत्साह फ्रीझरमध्ये जेमतेम दोन-अडीच किलोंची जागा घेतो. हापूसची पेटी दोन-तीन दिवसांत सगळीच पिकते आणि आमरस डब्यांत जातो. डाळिंब्यांचे कारण वेगळे. वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलण्यात दुपार जाते, म्हणून बसलेच आहोत तर दुप्पट सोलून अर्ध्या फ्रीझरमध्ये, असा हिशेब असतो.

मासळीचे गणित फ्रीझरच्या आधी सुरू होते. बेलापूरच्या दिवाळे गावातून किंवा ठाण्याच्या बाजारातून घेतलेला बांगडा मे महिन्याच्या उकाड्यात तासभर पिशवीत राहिला, तर त्यात हिस्टामिन हे बाधणारे रसायन तयार होऊ लागते. सुरमई आणि कुप्याचेही तेच. हिस्टामिन गोठवल्याने जात नाही आणि शिजवल्यानेही नाही. अंगावर लाल चट्टे, डोके दुखणे, तोंडाची आग हा त्याचा परिणाम ‘मासळी बाधली’ म्हणून खपवला जातो. बाजारात जाताना बर्फाची पिशवी नेणे हा सोपा इलाज आहे, पण थर्माकोलचा डबा घेऊन मासळी बाजारात जाणारा माणूस अजून थोडा विनोदाचाच विषय ठरतो.

श्रावण पाळणाऱ्या घरांत आषाढ अमावास्येच्या, म्हणजे गटारीच्या, सुमारास फ्रीझरमधले मटण-मासे संपवून तो धुऊन काढतात. वर्षातून एकदा का होईना, फ्रीझरचा तळ दिसतो. साठ्याची मोजदाद करायला लावणारी एवढी पक्की वहिवाट दुसरी नाही.

गोठताना काय होते

अन्नातल्या पाण्याचा मोठा भाग उणे १ ते उणे ५ अंश सेल्सिअस या टप्प्यात गोठतो. हा टप्पा जितका रेंगाळतो, तितके बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पेशींच्या भिंती फोडतात. त्यात पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. वितळल्यावर पालक लगदा होतो आणि मासळी पाणी सोडते, ते यामुळे. उपाय म्हणजे पदार्थ पूर्ण गार करून, थोडा थोडा आणि पातळ थरात ठेवणे. झिपच्या पिशवीत बोटभर जाडीचे सपाट थापलेले वाटण लवकर गोठते, उभे रचता येते आणि चिक्कीसारखे हवे तेवढे मोडून घेता येते. किलोभर वाटणाचा एकच गोळा करणाऱ्याच्या नशिबी दर वेळी सुरी आणि बत्ता.

उणे १८ अंशांना सूक्ष्मजीवांची वाढ थांबते, पण ते मरतातच असे नाही. वितळल्यावर ते जिथे थांबले तिथून पुढे सुरू करतात. म्हणून मासळी ओट्यावर नव्हे, रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्यावी. भाज्यांमधली विकरे (एन्झाइम) थंडीतही हळूहळू काम करत राहतात. मटाराचे दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे टाकून लगेच बर्फाच्या पाण्यात काढले, तर ती निकामी होतात आणि हिरवा रंग टिकतो. उघड्या राहिलेल्या भागातून बर्फ थेट वाफ होऊन उडून जातो आणि कोंबडीच्या तुकड्यावर पांढरट, कोरडे डाग पडतात. ते खाल्ल्याने अपाय होत नाही, चव मात्र जाते.

फ्रिजवरच्या ताऱ्यांनी इथे हमखास गोंधळ होतो. भारतात दारावर चिकटवलेले तारे विजेच्या बचतीचे असतात. फ्रीझरच्या थंडाव्याची तारांकन पद्धत वेगळी: एक तारा उणे ६, दोन उणे १२, तीन उणे १८ अंश. पाच तारे मिरवणाऱ्या एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा उणे १८ गाठेलच असे नाही. अशा कप्प्यात मासळी महिनोन्‌महिने ठेवू नये.

काही पदार्थ गोठवण मानत नाहीत. रश्श्यातला बटाटा स्पंजासारखा होतो, सोलकढी फाटते, काकडी निकामी होते. भात आणि पोळ्यांची गंमत उलटी आहे. त्या फ्रिजच्या साध्या कप्प्यात जितक्या लवकर कडक होतात, तितक्या फ्रीझरमध्ये होत नाहीत. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा आणि भाताचा फोडणीचा भात हे जुने मार्ग आहेतच, आणि त्यांना फ्रीझर लागतही नाही. भात मात्र रात्रभर ओट्यावर राहिलेला नसावा, कारण शिजल्यावरही टिकणारे बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू त्यात वाढीला लागतात आणि त्यांचे एक विष फोडणीच्या आचेलाही दाद देत नाही.

चिठ्ठी

मराठी घरातल्या फ्रीझरमधला आइस्क्रीमचा डबा उघडल्यावर आइस्क्रीम निघण्याची शक्यता फार कमी, हे मुलांना लवकर कळते. अडचण मोठ्यांची असते. गोठल्यावर पालकाची पेस्ट, पुदिन्याची चटणी आणि हिरवे वाटण सारखेच दिसतात. पुरण आणि घोटलेली डाळ यांतला फरक वितळल्यावरच समजतो. गोठलेल्या पदार्थाला वासही नसतो. मग ‘बघू नंतर’ म्हणून डबा मागे सरकतो.

कामाच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी पुरतात: काय, किती, कधी गोठवले. ‘वाटण, चिकनचे, २ वाट्या, १४ जून’. प्रमाण लिहिण्याचा कंटाळा करतात, पण दोघांसाठी अख्खा डबा वितळवून उरलेले टाकण्याचा प्रकार त्यामुळेच टळतो. इथल्या घरांत आणखी एक नोंद लागते, ‘बिनकांद्याचे’ किंवा ‘उपवासाचे’. चातुर्मासात ही नोंद नसलेले वाटण आजी हातात घेत नाहीत, आणि त्यांचे बरोबरच असते. स्वयंपाकाला मावशी येत असतील तर चिठ्ठी मराठीत हवी. त्यांना वाचता येत नसेल तर सामिषाला लाल आणि निरामिषाला हिरवी पट्टी, एवढी खूण चालते.

रंगकामाची कागदी मास्किंग टेप आणि जाड मार्कर हे सगळ्यांत सोयीचे साहित्य. टेप कोरड्या डब्यावर, गोठवण्याआधी लावायची. दव धरलेल्या डब्यावर ती चिकटत नाही. झाकणावर लावली तर झाकणांची अदलाबदल होते, म्हणून डब्याच्या पुढच्या अंगाला लावावी.

चिठ्ठीवरून संपवण्याची मुदत ठरते. बांगडा आणि तारलीसारख्या तेलकट मासळीची चव दोन-तीन महिन्यांत खवट होते, कारण गोठलेल्या अवस्थेतही चरबीवर हवेची क्रिया चालू राहते. कमी चरबीची मासळी सहा महिने चालते. शिजवलेली उसळ किंवा रस्सा दोन-तीन महिने, उकळत्या पाण्यातून काढलेले मटार पुढच्या हंगामापर्यंत. या मुदती चवीच्या आहेत. उणे १८ अंश सलग राहिले तर त्यानंतरही अन्न विषारी होत नाही.

पाकिटावरची तारीख

घरच्या चिठ्ठीची पाकिटावरच्या तारखेशी गल्लत होते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार पाकिटावर उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि ‘एक्स्पायरी’ म्हणजे ‘यूज बाय’ची तारीख द्यावी लागते, ‘बेस्ट बिफोर’ जोडीला देता येते. ‘यूज बाय’ उलटल्यावर तो पदार्थ विकता येत नाही आणि खाऊही नये. ‘बेस्ट बिफोर’ ही उत्तम चवीची मुदत असते, नंतर पदार्थ लगेच टाकाऊ होत नाही. दोन्ही तारखा न फोडलेल्या, सांगितल्याप्रमाणे ठेवलेल्या पाकिटाच्या आहेत. फोडलेल्या पनीरच्या पाकिटावर छापलेल्या तारखेला अर्थ उरत नाही. तिथून पुढे आपली टेप. १ ऑक्टोबर २०२० पासून मिठाईच्या दुकानांत सुट्या मिठाईच्या ताटापुढेही ‘बेस्ट बिफोर’ तारीख लावणे सक्तीचे झाले. भाऊबिजेला चार घरांतून आलेले पेढे घरच्या एकाच डब्यात ओतले की ती तारीख दुकानातच राहते.

वाया जाणे आणि विल्हेवाट

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांत वाया जाणाऱ्या अन्नाचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो दिला. जगाची सरासरी ७९ किलो. या मोजणीत साली, कोयी, काटे आणि मटाराची फोलपटेही धरलेली असतात. त्यामुळे घरी सोलून-निवडून रांधणाऱ्यांचा आकडा वाचून लगेच अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. घरच्या कचऱ्यात खरी मोजायची ती फोलपटे नव्हेत, तर न उघडता फेकलेले डबे.

वीज गेली तर गच्च भरलेला स्वतंत्र फ्रीझर दार बंद ठेवल्यास सुमारे ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास थंड राहतो. फ्रिजमधला छोटा कप्पा बराच कमी. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदमच गेली, तेव्हा काही तासांच्या त्या खंडात दार न उघडणे एवढेच करण्यासारखे होते. बाहेरगावी जाताना वाटीत पाणी गोठवून वर नाणे ठेवतात. परतल्यावर नाणे तळाशी गोठलेले दिसले, तर मधल्या काळात सगळे वितळून पुन्हा गोठले होते.

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांना ओल्या कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करायला सांगितले होते. भाजी, डाळ, भात खतात जिरतो. मासळी, मटण आणि तेलकट रस्सा मात्र दुर्गंधी आणि उंदरांमुळे बऱ्याच सोसायट्या घेत नाहीत. तो डबा आधी वितळवून, पाणी निथळून घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यात द्यायचा, कारण गोठलेला गठ्ठा तसाच टाकला तर दुपारपर्यंत जिन्यात ओघळ येतो.