मेंदूतील रचनांचे स्वयंचलित घनफळमापन

एमआरआय प्रतिमेवरून मेंदूतल्या एखाद्या भागाचे घनफळ संगणकाकरवी काढण्याची पद्धत. सर्वाधिक मोजला जातो तो हिप्पोकॅम्पस: स्मृतीशी निगडित, दर बाजूला साधारण ३ ते ४ घन सेंमी, अल्झायमरमध्ये लवकर आक्रसणारा. त्याची कड तज्ज्ञ हाताने एकेका कापावर आखतात. सॉफ्टवेअरची कसोटी आजही त्या आखणीवरच लागते.

बोस्टनचे फ्रीसर्फर हे सॉफ्टवेअर हाताने आखलेल्या मेंदूंच्या नकाशावरून प्रतिमेतला प्रत्येक ठोकळा (व्हॉक्सेल) कोणत्या भागाचा हे संभाव्यतेने ठरवते. पूर्ण प्रक्रियेला कित्येक तास लागतात. ऑक्सफर्डच्या एफएसएल या सॉफ्टवेअर-संचातले फर्स्ट हे साधन आकाराचा साचा बसवते. नव्या फास्टसर्फरमध्ये न्यूरल नेटवर्क असल्याने भागांची विभागणी मिनिटाभरात होते.

या सॉफ्टवेअरांची उत्तरे जुळत नाहीत ती कडेमुळे. ३,५०० घन मिमीचा अगदी गोल गोळा धरला, तरी त्याच्या बाहेरच्या १ मिमी थरात पाव भागाहून जास्त घनफळ असते. हिप्पोकॅम्पस तर लांबट, वळलेला. एका सॉफ्टवेअरने कड ठोकळाभर बाहेर धरली की आकडा भलताच फुगतो. हाताच्या आखणीपेक्षा फ्रीसर्फरचे माप सहसा मोठे येते. अमिग्डाला (भावनांशी निगडित भाग) याहून लहान आणि कड पुसट, म्हणून तिथे मतभेद जास्त.

तुलनेत दोन आखण्या किती एकमेकींवर पडतात हे डाइस गुणांकाने (० ते १) मोजतात. नुसता सहसंबंध (दोन मापे बरोबरीने वाढतात-घटतात का) फसवा. लोकल चुकू नये म्हणून दहा मिनिटे पुढे लावलेले घरचे घड्याळ आणि दादर स्टेशनचे घड्याळ यांचा सहसंबंध परिपूर्णच असतो! म्हणून ब्लँड–ऑल्टमन आलेख (दोन मापांतला फरक त्यांच्या सरासरीसमोर मांडणारा) काढून सरासरी फरक पाहतात.

मुंबईत हा प्रश्न कागदावरचा नाही. आजींचा पहिला एमआरआय परळच्या पालिका रुग्णालयात, पुढच्या वर्षीचा ठाण्यात खासगी केंद्रात; यंत्र वेगळे, सॉफ्टवेअरही वेगळे. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस वर्षाला काही टक्केच घटतो आणि दोन सॉफ्टवेअरांतला फरक त्याहून मोठा असू शकतो. अशा दोन आकड्यांची वजाबाकी करूच नये. फ्रीसर्फरची आवृत्ती किंवा संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली तरी माप हलते, हे २०१२ मध्ये दाखवले गेले. दोन्ही तपासण्या एकाच सॉफ्टवेअरच्या एकाच आवृत्तीतून पुन्हा काढता येतात, पण त्याला मूळ डायकॉम फाइली (यंत्रातून निघालेल्या संगणकीय प्रतिमा) लागतात. घरचे लोक जपून ठेवतात ती पिशवीतली फिल्म. मोजमापाला हवी असते सीडी.