वेळ होता, सवड नव्हती

"दुपारी बाळ चांगलं दोन तास झोपलं होतं ना? मग तेवढ्या वेळात का नाही झालं?"

लहान मूल असलेल्या घरात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. विचारणाऱ्याचं चुकत नाही, दोन तास खरोखरच होते. आणि 'नाही जमलं' म्हणणाराही बहाणा करत नसतो. एक जण वेळेबद्दल बोलतोय आणि दुसरा सवडीबद्दल, एवढंच.

'वेळ मिळाला तर करीन' आणि 'सवड मिळाली तर करीन' ही वाक्यं आपण एकाच अर्थाने बोलून जातो. भाषेला मात्र यातला फरक ठाऊक आहे. वेळ लागतो, जातो, संपतो. सवड होते, मिळते, नाहीतर काढावी लागते. 'या कामाला किती वेळ लागेल?' असं आपण विचारतो, पण 'किती सवड लागेल?' असं कुणी विचारत नाही. वेळ घड्याळात मोजता येतो. सवड ही त्या घटकेची माणसाची अवस्था आहे. आत्ता आपल्याला कुणी हाक मारणार नाही, आणि मारलीच तर ओ द्यायला दुसरं कुणीतरी आहे, ही खात्री म्हणजे सवड. (जाता जाता: 'खूप वेळ झाला' यातला वेळ पुल्लिंगी, तर 'निघायची वेळ झाली' यातली वेळ स्त्रीलिंगी. बाळ आलं की दुसरी पहिल्याला गिळून टाकते. दुधाची वेळ, झोपायची वेळ, लशीची वेळ.)

कागदावर आईबाप श्रीमंत दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार तीन महिन्यांपर्यंतच्या बाळाने दिवसाचे १४ ते १७ तास झोपावं, ४ ते ११ महिन्यांच्या बाळाने १२ ते १६ आणि एक-दोन वर्षांच्या मुलाने ११ ते १४. हे आकडे वाचून 'या सुट्टीत मी अमुक शिकून घेईन' असे बेत आखले जातात. मीही आखला होता. एका परीक्षेचा अभ्यास होता, पुस्तकं बाळाच्या आधीच घरात येऊन पडली होती.

पण झोपेचे हे तास सलग नसतात. नवजात बाळाला चोवीस तासांत साधारण आठ ते बारा वेळा पाजावं लागतं आणि रात्र-दिवसाची लय बसायला काही महिने जातात. वेळ असतो, पण चिंध्यांचा. आणि चिंध्या जोडून काम भागलंही असतं. खरी अडचण अशी की हातातली चिंधी केवढी आहे हे ती संपल्यावरच कळतं. गाडी यायला चाळीस मिनिटं आहेत हे ठाऊक असलेला प्रवासी फलाटावर पुस्तकात बुडून जातो. 'गाडी केव्हाही येईल' असं सांगितलं, तर तोच प्रवासी सामान हातात धरून उभा राहतो. मग प्रत्यक्षात गाडी दोन तासांनी का येईना! झोपलेल्या बाळाशेजारी आईबाप असेच उभे असतात. एक कान सतत पाळण्याकडे.

उरलेल्या कानावर अभ्यास का होत नाही, याचं एक उत्तर सोफी लेरॉय या संशोधिकेच्या २००९ च्या कामात सापडतं. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं, तर लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं काम त्या मानाने कच्चं होतं, असं तिला दिसलं. तिने अभ्यासलेली माणसं बाळांपाशी बसलेली नव्हती, पण बाळ सांभाळणं हे कायमचं अर्धवट काम आहे, त्यामुळे मला तरी ते लागू वाटतं.

म्हणून ध्येयांची यादी करताना मी एकच प्रश्न विचारतो: याला वेळ लागतो की सवड? चालणं, व्यायामाचे चार प्रकार, नव्या भाषेतले पाच-दहा शब्द, खर्चाची नोंद ही वेळेची कामं. मधेच तुटली तरी बिघडत नाहीत, फाटक्या दिवसातही मावतात. त्यांची सवय लागली की झालं. सवयीसाठी '२१ दिवस' हा आकडा सगळीकडे फिरतो, त्यावर विसंबू नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे पाहिलं, तेव्हा सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ पुरले, कुणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. ज्या घरात आठवड्याला दोन दिवस चुकणारच आहेत, तिथे हे कळणं महत्त्वाचं.

लिहिणं, अवघड विषयाचा अभ्यास, नोकरी बदलायची की नाही याचा नीट विचार ही सवडीची कामं. ती चिंध्यांत भरायला गेलं की कामही होत नाही आणि बाळ उठल्यावर त्याच्यावर चिडचिड होते, ती वेगळीच. 'पहाटे पाचला उठा' हा सल्ला मला यासाठीच पटत नाही. आधीच तुटलेल्या झोपेतून तासभर कापून वेळ वाढतो खरा, पण त्या तासाला जे डोकं हजर लागतं ते गादीवरच राहतं.

वेळ स्वतःचा स्वतःला वाचवता येतो. सवड मात्र बहुधा दुसऱ्याने द्यावी लागते, आणि भांडणं इथेच होतात. 'मी दोन तास बाळाला घेतो, तू बस' एवढ्याने ती मिळेलच असं नाही. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डेमिंजर यांनी २०१९ मध्ये जोडप्यांच्या मुलाखतींवरून घरातल्या न दिसणाऱ्या कामाचे चार भाग मांडले: पुढची गरज ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि झालं की नाही यावर नजर ठेवणं. त्यातलं पहिलं आणि शेवटचं जास्त करून बायकांच्याच वाट्याला आलेलं दिसलं. बाळ कडेवर घेतलं, पण 'कपडे कुठले घालू? औषध किती द्यायचं?' असं दर दहा मिनिटांनी विचारलं, तर समोरच्याला वेळ दिला, सवड नाही दिली.

हे मला फार उशिरा कळलं, कारण ते प्रश्न विचारणारा मीच होतो. आमच्याकडे शेवटी शनिवारची सकाळ वाटून घेतली. दोन तास तिचे, मग दोन तास माझे. सांभाळणाऱ्याने काहीही विचारायचं नाही, सापडलं नाही तर शोधायचं. परीक्षा मी पुढच्या वर्षावर ढकलली, चालणं ठेवलं. पहिल्या शनिवारी माझ्या दोन तासांतली चाळीसेक मिनिटं दार बंद करून, बाहेर कोण रडतंय का ते ऐकण्यात गेली. कुणी रडत नव्हतं.