इंग्रजीतील संतुलित चर्चालेखन

वादग्रस्त प्रश्नावरच्या दोन किंवा अधिक भूमिका, त्या त्या बाजूच्या माणसाला 'हो, माझं म्हणणं हेच' असे वाटेल अशा शब्दांत मांडून त्यांची पारख करणारा गद्यलेखनाचा प्रकार. शाळांमध्ये त्याला 'डिस्कशन', 'बॅलन्स्ड आर्ग्युमेंट' किंवा नुसते 'फॉर अँड अगेन्स्ट' म्हणतात. एकच बाजू लढवणारा निबंध वेगळा आणि हा वेगळा. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या इंग्रजी अभ्यासक्रमातला 'व्ह्यू-काउंटरव्ह्यू' हा प्रकार या लेखनाच्या जवळचा आहे, पण त्यात दिलेल्या मताच्या विरुद्ध बाजू तेवढी मांडायची असते. त्याचा भरपूर सराव झालेला विद्यार्थी दोन्ही बाजू स्वतःच लिहायची वेळ आली की अडखळतो, याचे हे एक कारण.

कल्पना आपल्याकडे नवी नाही. मीमांसा या दर्शनातल्या अधिकरणात, म्हणजे एका प्रश्नाच्या चर्चेत, आधी विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष (समोरच्याचे म्हणणे) आणि त्यानंतरच सिद्धान्त (आपला निर्णय) येतो. पूर्वपक्ष लेचापेचा मांडला तर सिद्धान्तालाही किंमत राहत नाही. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथाने, न्यायसूत्रांनी, सत्यशोधासाठीचा वाद, जिंकण्यासाठीचा जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ समोरच्याचे खोडून काढणारी वितंडा असे तीन प्रकार सांगितले. संतुलित चर्चा पहिल्या प्रकारात बसते. परीक्षेतल्या पुष्कळ उत्तरपत्रिका मात्र तिसऱ्या प्रकारात जातात.

परीक्षांमधील रूप

आयईएलटीएस या आंतरराष्ट्रीय इंग्रजी परीक्षेच्या लेखन विभागातील दुसऱ्या प्रश्नात किमान २५० शब्द आणि सुचवलेला वेळ ४० मिनिटे असतो; गुणांकनात त्याचे वजन पहिल्या प्रश्नाच्या दुप्पट. 'डिस्कस बोथ दीज व्ह्यूज अँड गिव्ह युअर ओन ओपिनियन' ही त्यातली नेहमीची सूचना तीन कामे सांगते: पहिले मत, दुसरे मत, आणि स्वतःचे मत. तिसरे काम शेवटच्या ओळीत उरकले, तर प्रश्नाला उत्तर किती दिले या निकषावर गुण जातात. उरलेले तीन निकष म्हणजे सुसंगती, शब्दसंपदा आणि व्याकरण. चारही निकषांना समान वजन. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तीन तासांत प्रत्येकी १२५ गुणांचे दोन निबंध लिहावे लागतात. तिथे विस्ताराला जागा आहे, पण पाया हाच.

४० मिनिटांपैकी ८ मिनिटे आराखड्याला, २७ लिहायला आणि ५ तपासायला ठेवावीत. आराखडा न करता थेट लिहिणाऱ्याची पहिली बाजू फुगते आणि दुसरी वेळेअभावी चार ओळींत आटोपते. साधारण ४० शब्दांची प्रस्तावना, ९०-९० शब्दांचे दोन परिच्छेद आणि ४५ शब्दांचा समारोप, एवढे पुरते.

मुद्द्यांच्या जोड्या

उदाहरणाला बैलगाडा शर्यत घेऊ. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टू या तमिळनाडूतल्या बैल काबूत आणण्याच्या खेळाबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. प्रस्तावनेत यातले एक-दोन टप्पे आले की प्रश्न वादग्रस्त का आहे हे वाचकाला कळते, वेगळे सांगावे लागत नाही.

आराखड्यासाठी कागदाच्या मधोमध उभी रेघ मारतात. डावीकडे समर्थनाचे मुद्दे: ट्रॅक्टर आल्यावर शेतातले काम गेलेल्या खिल्लार बैलाला शर्यतीमुळे किंमत राहते आणि ती जात टिकते, जत्रेला माणूस येतो, गावात पैसा फिरतो, नियम घालून क्रौर्य रोखता येते. उजवीकडे विरोधाचे: चाबूक, शेपटी पिरगाळणे किंवा चावणे, विजेचा झटका, बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, संविधानाचा अनुच्छेद ५१क प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धीचे कर्तव्य सांगतो. इथवर सगळे पोहोचतात. खरे काम पुढे आहे: डावीकडच्या प्रत्येक मुद्द्यासमोर त्याच जमिनीवरचा उजवीकडचा मुद्दा आणायचा. 'जात टिकते' याला 'बैलाला मारतात' हे उत्तर नव्हे. 'जात टिकवायला पैदास केंद्रे आणि अनुदान असे दुसरे मार्ग आहेत' हे उत्तर आहे. 'मारतात' याची जोडी 'नियम घालता येतात' याच्याशी लागते, आणि त्यावर 'भर घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, हजारोंच्या गर्दीत नियम पाळले जातात की नाही हे पाहणार कोण' असा पुढचा प्रश्न निघतो. जोड्या न लावलेली चर्चा दोन वेगवेगळ्या सभांमधल्या भाषणांसारखी वाचली जाते.

आपल्याला न पटणारी बाजू आधी आणि पटणारी नंतर लिहिण्याचा प्रघात आहे, कारण दुसऱ्या परिच्छेदातून मताकडे सहज वळता येते. एकेक मुद्दा घेऊन दोन्ही बाजू तिथल्या तिथे तोलण्याची दुसरी रीतही आहे. ती लांब निबंधाला शोभते, पण २५० शब्दांत वाचकाची मान सारखी इकडून तिकडे फिरते.

तोल भाषेत कुठे जातो

दोन्ही परिच्छेद सारख्या लांबीचे असूनही लेखन एका बाजूला झुकलेले असते, आणि हे बहुधा क्रियापदांत घडते. 'क्लेम' म्हटले की लेखकाला ते फारसे पटलेले नाही असा वास येतो. 'पॉइंट आउट' म्हटले की पुढचे विधान लेखकाने खरे धरलेले असते. 'आर्ग्यू' मधोमध उभे राहते. शर्यतवाले 'क्लेम' करतात आणि प्राणिमित्र 'पॉइंट आउट' करतात असे लिहिले की निकाल पहिल्याच वाक्यात लागला. नावांचेही तसेच. 'ब्लड स्पोर्ट' हा विरोधकांचा शब्द, 'अवर प्राउड हेरिटेज' हा समर्थकांचा. लेखकाने स्वतःच्या वाक्यात 'बुलक-कार्ट रेसिंग' एवढेच म्हणावे.

मराठीत 'म्हणे' हा एकच शब्द वाक्याला जोडला की मत आपले नाही हे कळते. इंग्रजीत इतकी सहज सोय नाही. तिथे 'सपोर्टर्स आर्ग्यू दॅट' अशी चौकट घालावी लागते, आणि परिच्छेदभर पसरलेले मत असेल तर ती मधूनमधून पुन्हा दाखवावी लागते: 'इन देअर व्ह्यू', 'दे अॅड दॅट'. ही चौकट सुटली की दुसऱ्याचे मत लेखकाच्या तोंडी जाते. मराठी माध्यमातल्या लेखकांच्या इंग्रजीत हा दोष फार दिसतो.

जोडशब्दांची गल्लत वेगळी. मराठी 'उलट' इंग्रजीत दोन ठिकाणी विभागले जाते. 'ऑन द अदर हँड' दुसरी बाजू आणते आणि पहिली शाबूत ठेवते. 'ऑन द कॉन्ट्ररी' आधीचे विधान खोटे ठरवते. परिच्छेद बदलताना दुसरे वापरले, तर आत्ताच मांडलेली बाजू आपणच पुसून टाकतो. 'जरी… तरी' ही जोडी मनात असल्यामुळे 'ऑल्दो'नंतर 'बट' येते. इंग्रजीला दोहोंपैकी एकच चालतो. 'माझ्या मते' म्हणून 'अकॉर्डिंग टु मी' लिहितात, 'इन माय ओपिनियन' हवे. 'डिस्कस'ला 'अबाउट' लागत नाही. आणि नाण्याला दोन बाजू असतात हे परीक्षकाने त्या दिवशी बऱ्याचदा वाचलेले असते.

'ऑल्दो'च्या वाक्यात वजन मुख्य वाक्यावर पडते. 'ऑल्दो रेसिंग सस्टेन्स द ब्रीड, इट हर्ट्स द अॅनिमल' यात दुखापत जड. दोन्ही अर्ध्या वाक्यांची अदलाबदल केली की जात टिकणे जड. स्वतःचे मत न सांगता मत पोहोचवण्याचे इंग्रजीतले हे सर्वात सोयीचे साधन आहे, म्हणूनच पहिल्या दोन परिच्छेदांत ते जपून वापरावे.

विधान किती ठाम आहे हे 'मे', 'कॅन', 'टेन्ड टु', 'इन सम केसेस' यांनी ठरते. 'रेसेस हर्ट बुल्स' हे सगळ्या शर्यतींबद्दल झाले. 'रेसेस कॅन हर्ट बुल्स' सिद्ध करणे सोपे. पण एका वाक्यात एकच पुरे. 'इट मे परहॅप्स बी पॉसिबल' मध्ये काहीच म्हटलेले नसते.

खोटा तोल

प्रत्येक प्रश्नाला तुल्यबळ दोन बाजू नसतात. लसीमुळे ऑटिझम होतो का, हवामानबदलाला माणूस जबाबदार आहे का, हे पुराव्याने सुटणारे प्रश्न आहेत. तिथे निम्मी जागा नाकारणाऱ्यांना देणे म्हणजे वाचकाची दिशाभूल. बीबीसीच्या विज्ञानवार्तांचा २०११ मध्ये झालेला आढावा याच दोषावर बोट ठेवतो. विकिपीडियाच्या तटस्थतेच्या धोरणातही सर्व मतांना सारखी जागा मिळत नाही, विश्वसनीय साधनांत ज्याला जेवढे स्थान तेवढे वजन मिळते. चर्चेला योग्य प्रश्न बहुधा 'काय करावे' या जातीचा असतो. हवामानबदल होतो का यापेक्षा त्याचा खर्च कोणी उचलावा, यावर संतुलित लिहिता येते.

तपासणी

शेवटच्या पाच मिनिटांत समारोप हाताने झाकून वरचे दोन परिच्छेद वाचावेत. लेखक कोणत्या बाजूचा हे तेवढ्यावरून ओळखू आले, तर 'क्लेम', 'आर्ग्यू' यांसारखी सांगणारी क्रियापदे आणि विशेषणे अधोरेखित करून 'ब्रूटल', 'सो-कॉल्ड', 'ऑब्व्हियसली' असे शब्द काढावेत. मग समारोपावरचा हात काढून एवढेच पाहावे: तिथले मत वर आलेल्या एखाद्या मुद्द्यावर उभे आहे, की नवाच मुद्दा घेऊन आले आहे. नवा असेल तर तो खोडून वरच्या जोड्यांपैकी जी निर्णायक वाटली तिचे नाव घ्यावे.