अंतर राखून कुस्ती होत नाही

करोनाच्या दोन वर्षांत पुण्यातल्या व्यायामशाळा, तलाव आणि बागा किती वेळा उघडल्या नि मिटल्या, हे आता कुणाला धड सांगता येत नाही. 'आधी जिम उघडली का तलाव?' असं विचारलं की कट्ट्यावर चार जणांची पाच उत्तरं येतात. त्या क्रमामागे मात्र एक हिशेब होता: एक माणूस दुसऱ्याच्या किती जवळ जातो, याचा.

राज्यातले पहिले रुग्ण पुण्यातच सापडले, ९ मार्च २०२० ला. १३ मार्चला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी विधानसभेत घोषणा केली आणि त्याच मध्यरात्रीपासून पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई, नागपूर अशा शहरांतल्या व्यायामशाळा, जलतरण तलाव आणि चित्रपटगृहं बंद झाली. देशभरची टाळेबंदी त्यानंतरची. आधार होता १८९७ च्या साथरोग कायद्याचा. हा कायदा झाला मुंबईतल्या प्लेगमुळे, पण त्याचा जाच पुण्याने जास्त सोसला. घरोघरच्या झडत्या, प्लेगच्या मोहिमेवरचे रँडसाहेब आणि चापेकरांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या ती २२ जून १८९७ ची गणेशखिंडीतली रात्र इथे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. १२३ वर्षांनी तोच कायदा जोर-बैठका थांबवायला कामी आला.

उघडताना सुरुवात एकट्यादुकट्यापासून झाली. ३ जून २०२० पासून मोकळ्या जागेत चालायला, पळायला, सायकल चालवायला परवानगी मिळाली, तीही पहाटे पाच ते संध्याकाळी सात. जुलैत पुण्यात पुन्हा दहा दिवस कडक टाळेबंदी झाली. ५ ऑगस्टपासून सांघिक नसलेले मैदानी खेळ सुरू झाले: गोल्फ, टेनिस, मैदानावरचं बॅडमिंटन, जिम्नॅस्टिक्स आणि मल्लखांब. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणलेला मल्लखांब सरकारी आदेशात गोल्फच्या पंगतीला बसला, याची मला अजून गंमत वाटते. हिशेब बाकी चोख होता. खांबावर एका वेळी एकच जण चढतो.

जिमसाठी केंद्राने ऑगस्टमध्येच मुभा दिली होती. महाराष्ट्राने दसऱ्यापर्यंत, म्हणजे २५ ऑक्टोबरपर्यंत थांबवलं. ५ नोव्हेंबरला टेबल टेनिस, स्क्वॉश, बंदिस्त कोर्टावरचं बॅडमिंटन आणि योगवर्ग सुरू झाले. तलाव उघडले ते फक्त राज्य-राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूंच्या सरावासाठी. क्लोरीनच्या पाण्यापेक्षा कपडे बदलायच्या खोलीची भीती जास्त असावी, असं मला वाटतं. तिथे मास्क उतरतो आणि गर्दी हटत नाही.

दरम्यान मैदानांचे दवाखाने झाले होते. शिवाजीनगरला सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर करोना रुग्णांसाठी ८०० खाटांचं तात्पुरतं जम्बो रुग्णालय उभं राहिलं, पिंपरीत अण्णासाहेब मगर स्टेडियमवर दुसरं. त्यामुळे 'मैदान कधी उघडणार' हा प्रश्न नुसता कुलपाचा नव्हता.

आणि तालमी? चिंचेची तालीम, खालकर तालीम अशी नावं मिरवणाऱ्या पेठांमध्ये जिमची सरकारी नियमावली हातात घेतली की दोन यंत्रांमध्ये अंतर ठेवा, हँडल पुसून घ्या असली वाक्यं समोर यायची. हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात, पुसायला हँडल नसतं. तिथे खडाखडी, म्हणजे सुरुवातीची झटापट, झाली की दोघांचं कपाळ कपाळाला लागतं, घाम एकमेकांच्या अंगावर जातो आणि माती दोघांच्याही. शिवाय ती माती कुलपात टिकत नाही. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली तांबडी माती रोज फावड्याने खालीवर करावी लागते. पायाखाली नसली की काही महिन्यांत दगडासारखी बसते. मग डाव शिकायच्या आधी पोरांना उकरायचंच काम. यंत्राला फडका मारून जिम एका दुपारीत सुरू होते, हौदा तसा होत नाही.

दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, पुन्हा सगळं बंद. नंतर जिम निम्म्या क्षमतेने चालू लागल्या, पुण्यातले तलाव ऑक्टोबरात उघडले. ओमायक्रॉन आला तेव्हा, ८ जानेवारी २०२२ च्या आदेशात जिम आणि तलाव दोन्हींवर बंदी होती. दुसऱ्याच दिवशी जिमला दोन डोस घेतलेल्यांसाठी सूट मिळाली, तलाव तसेच बंद राहिले. कात्रजचं प्राणिसंग्रहालय तर थेट मार्च २०२२ मध्ये उघडलं. सगळे निर्बंध उठले गुढीपाडव्याच्या तोंडावर, १ एप्रिलला.

साथीआधीची शेवटची महाराष्ट्र केसरी, म्हणजे राज्यातली मानाची कुस्ती स्पर्धा, पुण्यातच झाली होती. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला हर्षवर्धन सदगीरने विजेत्याची गदा उचलली. त्यानंतर दोन वर्षं गदा कुणाच्याच खांद्यावर गेली नाही. पुढची स्पर्धा एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात झाली, निर्बंध उठल्यावर आठवड्याभरात, आणि कोल्हापूरचा पृथ्वीराज पाटील जिंकला. पुण्यात महाराष्ट्र केसरी परत आली ती जानेवारी २०२३ मध्ये, कोथरूडला.