टेंट घेण्याआधी सातबारा उघडा

स्वतःच्या जमिनीवर कॅम्पसाइट किंवा कॅरॅव्हॅन (आत राहायची सोय असलेल्या गाड्या) पार्क सुरू करू पाहणाऱ्या पवना, मुळशी, भंडारदरा भागातल्या जागामालकांसाठी हे माहितीपत्रक आहे. आमच्याकडे सल्ल्यासाठी येणारे बहुतेक जण टेंटचं कोटेशन हातात घेऊनच येतात. आम्ही मात्र आधी जमिनीचे कागद मागतो. त्याला कारण आहे.

एका शेतकरी कुटुंबाने धरणाकाठी बारा टेंट लावायचं ठरवलं. मे महिना होता, पाणी खूप आत गेलं होतं आणि समोर सपाट, मोकळा पट्टा दिसत होता. तो आपलाच, असं दोन पिढ्या धरून चालल्या होत्या. ओटे बांधले, न्हाणीघरं बांधली, मग आम्हाला बोलावलं. आम्ही सरकारी मोजणी करून घ्यायला लावली. हद्दीची खूण पडली ती बांधावरच्या आंब्याजवळ. त्यापुढची जमीन धरणासाठी कधीच संपादित झालेली होती. ऑगस्टमध्ये पाणी आंब्याच्या बुंध्यापर्यंत आलं. टेंट तोवर वर हलवले होते, पण बांधकामाचा खर्च गेला तो गेलाच.

म्हणून पहिलं काम मोजणीचं. सोबत सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना नीट वाचा. कूळ, बँकेचा बोजा, वारसांची नावं, पुनर्वसनाचे शेरे तिथेच सापडतात. जमीन भोगवटादार वर्ग २ (म्हणजे हस्तांतरणावर सरकारी अटी असलेली) असेल तर वापर बदलण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. नदीकाठी पूररेषा बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला भाग निषिद्ध क्षेत्र आहे. तिथे टेंट लावू नका, पाहुणे कितीही मागे लागले तरी. किल्ल्याच्या पायथ्याशी जागा असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित आहेत. लोहगडासारख्या किल्ल्यांना हा नियम लागू होतो.

ग्रामपंचायतीचा दाखला मिळाला की सगळं झालं, हा समज आम्हाला दर आठवड्याला ऐकू येतो. दाखला हवाच. पण मावळ-मुळशीत बांधकामाच्या परवानगीसाठी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) जावं लागतं, आणि शेतजमिनीचा वापर बदलायचा तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधल्या अकृषिक वापराच्या तरतुदी बघाव्या लागतात. टेंट उचलून नेता येतो. सिमेंटचा ओटा, स्वयंपाकघर, शौचालयांची रांग हे मात्र बांधकामच आहे.

शेती चालू ठेवून पाहुणे ठेवायचे असतील तर राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण तुमच्यासाठीच आहे. किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. पीक मोडून नुसते टेंट उभे केले तर या धोरणाचा आधार उरत नाही. कॅरॅव्हॅनसाठी २०२१ चं वेगळं धोरण आहे. त्याखाली खासगी जागेवरही पार्क उभारता येतं, त्याचीही नोंदणी याच संचालनालयाकडे होते. कयाक, झिपलाइन, रॅपलिंग ठेवणार असाल तर साहसी पर्यटनाची नोंदणी निराळी. ‘दोनच कयाक आहेत’ म्हणून ती टाळू नका.

कॅरॅव्हॅनची गाडी सहा-सात मीटर लांब आणि उंच असते. वळणावर ती फिरते का, वाटेत विजेची तार किंवा वडाची फांदी आडवी येते का, हे टेपने मोजून बघा. गाडीतल्या शौचालयाची टाकी रिकामी करायला सेप्टिक टँकला जोडलेलं झाकणबंद तोंड ठेवा. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर लांब असावा. यात आम्ही तडजोड करत नाही. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडची घरं पितात, आणि तुमच्या शेजाऱ्याची विहीर तर त्याहून जवळ आहे.

वीज शेतीपंपाच्या जोडणीवरून घेऊ नका. तो अनधिकृत वापर ठरतो आणि वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. दंडापेक्षा मोठी भीती शॉकची. ओल्या गवतातून ओढलेली वायर, लोखंडी खांब आणि अनवाणी लहान मूल, एवढं एकत्र आलं की पुरे. प्रत्येक सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवा आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा स्वतः दाबा. बार्बेक्यूची शेगडी रात्री टेंटमध्ये नेऊ देऊ नका. निखारे विझत आले तरी त्यांतून निघणाऱ्या वायूने झोपेतच माणूस जातो. हे पाहुण्यांना जेवण वाढतानाच सांगा, फलकावर भागत नाही.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. स्वयंपाकाला अन्न परवाना आणि व्यावसायिक सिलिंडर लागतो. परवान्याशिवाय दारू विकणं गुन्हा आहेच, पिण्यासाठी जागा देणंही गुन्हा ठरू शकतं. प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र नोंदवा, परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवा. वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते. रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून दर ५ टक्के आहे. पावसाळ्यात धरणं-धबधब्यांच्या परिसरात जिल्हाधिकारी बंदीचे आदेश काढतात, तेव्हा आगाऊ बुकिंगचे पैसे परत करण्याची अट पावतीवरच छापून ठेवा.

भंडारदऱ्याच्या जागामालकांना एक विनंती. मे-जूनमध्ये काजवे बघायला गर्दी होते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात वनविभागाचे नियम लागू आहेतच, पण अभयारण्याबाहेर तुमच्या शेतातसुद्धा त्या दिवसांत फ्लडलाइट लावू नका. काजवे उजेडानेच एकमेकांना शोधतात, दिव्यांच्या झगमगाटात त्यांना जोडीदार सापडत नाही.

पहिल्या भेटीला येताना सातबारा, आठ-अ, फेरफार, गटाचा नकाशा आणि असेल तर मोजणीची ‘क’ प्रत आणा. टेंटचं कोटेशन घरीच ठेवलंत तरी चालेल. जागेची पाहणी आम्ही शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात करतो. त्या दिवशी गमबूट घालून या.