कॅडहेरिन शेजारणीला धरतं, इंटिग्रिन जमिनीला

दोन्ही 'पेशी चिकटवणारी प्रथिनं' म्हणून एका दमात सांगितली जातात, मग परीक्षेत हमखास अदलाबदल होते. फुगडी आठवा. जोडीदारणीच्या हातात गुंफलेले हात म्हणजे कॅडहेरिन, जमिनीवर रोवलेले पाय म्हणजे इंटिग्रिन.

कॅडहेरिन शक्यतो शेजारच्या पेशीवरच्या आपल्याच जातीच्या कॅडहेरिनला धरतं, आणि त्यासाठी त्याला कॅल्शियम लागतं. उंदराचा आठ पेशींचा भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली आठ सुट्या मण्यांसारखा दिसतो. काही तासांत पेशी एकमेकींना अशा बिलगतात की कडा पुसट होतात आणि मोजताना हिशोब चुकतो. भोवतीच्या द्रवातलं कॅल्शियम काढलं की मणी पुन्हा सुटे! आयव्हीएफ प्रयोगशाळेत आठ पेशींच्या सुमाराच्या भ्रूणातून तपासणीसाठी पेशी काढताना कॅल्शियमविरहित द्रव वापरतात, तो याचसाठी.

इंटिग्रिन पेशींबाहेरच्या फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन, कोलॅजन या प्रथिनांच्या जाळ्याला धरतं. ते दोन साखळ्यांच्या जोडीनं बनतं. माणसात अशा 24 जोड्या आहेत.

गोंधळाचं एक कारण म्हणजे दोघांचीही आतली बाजू पेशीच्या सांगाड्यातल्या ॲक्टिनच्या धाग्यांशी जोडलेली असते, कॅडहेरिनची बहुधा कॅटेनिनमार्फत, इंटिग्रिनची टॅलिनसारख्या प्रथिनांमार्फत. दुसरं कारण प्रयोगशाळेतली सवय. फ्लास्कमधल्या पेशी सोडवायला आपण डोळे झाकून ट्रिप्सिन-ईडीटीए ओततो. ट्रिप्सिन म्हणजे प्रथिनं कापणारं विकर. ईडीटीए कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही ओढून घेतं, त्यामुळे हात-पाय एकदमच सुटतात, मग फरक दिसणार कुठून?

जपानी जीवशास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांना मात्र तो फरक या ईडीटीएमुळेच सापडला. क्योटोत ते ईडीटीएविना ट्रिप्सिन वापरत आणि सुट्या केलेल्या पेशी पुन्हा भराभर गोळा होत. अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत, ईडीटीए मिसळलेल्या ट्रिप्सिननंतर, त्या तशा जमेनात. कॅल्शियम असेल तर ट्रिप्सिन कॅडहेरिनला कापू शकत नाही, हे त्यामागचं इंगित. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध 1977चा. 'कॅडहेरिन' हे बारसं नंतर झालं.

भ्रूणात ऊती घडताना दोन्ही लागतात, पण पाळीपाळीनं कमी-जास्त. पाठीकडच्या चेतानळीच्या (जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात) वरच्या कडेच्या काही पेशी शेजारणींचे हात सैल करतात आणि इंटिग्रिनच्या पायांनी फायब्रोनेक्टिनवरून चालू लागतात. पोटाच्या त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा वंश असा पाठीकडूनच आलेला. मुक्कामी पोचल्यावर या रंगपेशी त्वचेच्या पेशींचा हात पुन्हा कॅडहेरिननंच धरतात.